बायबल बिनचूक आहे का, हे स्वतः कसं तपासायचं

"बायबलमध्ये एकही चूक नाही" हे लहानपणापासून ऐकलेलं असतं, आणि मग कधीतरी कोणीतरी विसंगतींची एक लांबलचक लिस्ट फॉरवर्ड करतं. ती बघून कोणी "सैतानाचं काम" म्हणून न वाचताच डिलीट करतो, कोणी न तपासताच सगळी खरी मानतो आणि बायबलच बाजूला ठेवून देतो. दोघांपैकी कोणीही बायबल उघडून ते दोन उतारे वाचलेले नसतात, आणि मला खरा त्रास याचाच होतो, कारण हा प्रश्न इतका मोठा आहे की तो दुसऱ्याच्या लिस्टवर सोडायचा नसतो. तुम्ही विश्वासणारे असा, विश्वास डळमळीत झालेले असा किंवा नुसतं कुतूहल म्हणून बघत असा, पद्धत एकच आहे. आधी उतारा स्वतः वाचायचा, तो काय म्हणतोय ते त्याला पूर्ण बोलू द्यायचं, आणि मगच त्याच्यावर कोणी काय आक्षेप घेतलाय आणि कोणी काय उत्तर दिलंय ते बघायचं. हा क्रम उलटा झाला की तपासणी होत नाही, नुसती बाजू घेणं होतं.

पण त्याच्याही आधी एक काम आहे आणि ते बहुतेक जण करतच नाहीत. "बिनचूक" म्हणजे नेमकं काय, हे वहीत एका ओळीत लिहून काढा. कारण सगळे ख्रिस्ती एकच दावा करत नाहीत. १९७८ मध्ये शिकागोला इव्हँजेलिकल (बायबललाच सर्वोच्च मानणाऱ्या प्रोटेस्टंट) पुढाऱ्यांनी एक निवेदन काढलं, त्यात दावा असा की पवित्र शास्त्र जे जे सांगतं ते सगळं खरं, इतिहास आणि सृष्टीबद्दलसुद्धा, पण हे काटेकोरपणे लागू होतं फक्त मूळ हस्तलिखितांना, नंतरच्या प्रतींना नाही. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत वेगळी मांडणी केली, आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहवून घ्यायचं होतं ते शास्त्र चुकीशिवाय शिकवतं, अशी. या दोन वाक्यांत खूप फरक आहे. पहिल्या दाव्यात एखाद्या राजाचं वय चुकलं तर प्रश्न उभा राहतो, दुसऱ्यात तो तितका टोकदार राहत नाही. आणि कोणतं बायबल हेही लिहा, कारण प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिकमध्ये ७३, इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या यादीत ८१. समोरचा माणूस कोणत्या दाव्याबद्दल बोलतोय हे न विचारता वाद घातला तर दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत बसतात, हे तर रोजच दिसतं.

आता सुरुवात कुठून करायची. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून करू नका. सहा दिवस, उत्क्रांती, जलप्रलय हे विषय महत्त्वाचे आहेतच, पण तिथे भांडण लगेच विज्ञानावर जातं आणि मजकूर मागे पडतो. जिथे बायबलच एक गोष्ट दोनदा सांगतं तिथून सुरू करा, कारण तिथे बाहेरचं काहीच लागत नाही, दोन्ही साक्षी आतल्याच. जुन्या करारात शमुवेल आणि राजे ही पुस्तकं एका बाजूला, आणि तोच काळ पुन्हा सांगणारी इतिहासाची दोन पुस्तकं दुसऱ्या बाजूला. नव्या करारात चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूची गोष्ट सांगणारी मत्तय, मार्क, लूक, योहान ही चार पुस्तकं.

माझ्या मते सगळ्यात चांगला पहिला धडा म्हणजे दावीद राजाची शिरगणती. २ शमुवेल अध्याय २४ आणि १ इतिहास अध्याय २१. एक कोरा कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे शमुवेल उजवीकडे इतिहास, आणि एकेक वचन वाचत फक्त फरक लिहीत जा, मत काहीच लिहायचं नाही. पहिल्याच वचनात थांबावं लागतं. शमुवेलात परमेश्वराचा कोप इस्राएलावर भडकतो आणि तो दावीदाला शिरगणती करायला उद्युक्त करतो, इतिहासात हेच काम सैतान करतो. पुढे आकडे येतात. डावीकडे इस्राएलाचे ८ लाख आणि यहूदाचे ५ लाख, उजवीकडे ११ लाख आणि ४ लाख ७० हजार. मग गाद संदेष्टा दावीदापुढे शिक्षेचे पर्याय ठेवतो, त्यात दुष्काळ डावीकडे ७ वर्षं, उजवीकडे ३ वर्षं. शेवटी दावीद वेदी बांधायला खळं विकत घेतो, डावीकडे ५० शेकेल (जुनं वजन) चांदी देऊन खळं आणि बैल, उजवीकडे त्या जागेसाठी ६०० शेकेल सोनं.

एकाच प्रसंगात चार फरक, आणि गंमत म्हणजे हे चारही एकाच जातीचे नाहीत, म्हणूनच हा धडा आधी करायचा. एकेक घेऊन बघा.

दुष्काळाचा फरक बहुधा नकलेतला आहे. शमुवेलाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात, ज्याला सेप्टुआजिंट म्हणतात, त्यात तिथे ३ च आहे, आणि बाकीच्या दोन शिक्षा ३ महिने आणि ३ दिवस अशा असल्यामुळे ३ बसतंही छान. काही आधुनिक भाषांतरं तर शमुवेलातच ३ छापतात आणि खाली फुटनोट देतात. म्हणजे इथे "चूक आहे का" याचं उत्तर, हो, कुठल्यातरी टप्प्यावर कोणातरी लेखनिकाच्या हातून झालेली दिसते.

खळ्याच्या किमतीबद्दल उत्तर असं दिलं जातं की ५० शेकेल हे नुसत्या खळ्याचे आणि बैलांचे, आणि ६०० हे आजूबाजूच्या सगळ्या जागेचे. हे शक्य आहे का, शक्य आहे, इतिहासात "जागा" असाच शब्द आहे. पण शमुवेल वाचताना कुठेही दोन व्यवहार झाल्यासारखं वाटत नाही. जुन्या यहूदी गुरूंनाही हे खटकलं होतं आणि त्यांनी ५० गुणिले १२ वंश म्हणजे ६०० असा हिशोब मांडला होता. बघा, हा प्रश्न आजच्या इंटरनेटवाल्यांनी काढलेला नाही.

आकड्यांबद्दलही अशीच उत्तरं मिळतील, कोणी म्हणतं एका यादीत उभं सैन्य धरलंय एकात नाही. पण देव की सैतान हा फरक लेखनिकाचा नाही आणि हिशोबाचाही नाही. इतिहासाचा लेखक खूप नंतरच्या काळात लिहितोय आणि देवच राजाला चुकीच्या कामाला लावतो ही मांडणी त्याला जशीच्या तशी ठेवायची नव्हती असं दिसतं. इथे विश्वासणारा म्हणेल की देवाने सैतानाला परवानगी दिली, ईयोबाच्या पुस्तकात दिली तशी, म्हणजे दोन्ही खरं. हे उत्तर हलकं नाही, ईयोबाचा दाखला खरंच आहे. पण त्यामुळे एका लेखकाला काय म्हणायचं होतं हे दुसऱ्याच्या आवाजात बुडून जाणार नाही एवढं मात्र बघा. आधी दोघांना वेगवेगळं ऐका.

हा एक प्रसंग नीट केलात की पुढचे फरक कोणत्या गठ्ठ्यात टाकायचे ते आपोआप कळायला लागतं.

नकलेच्या चुकांचा गठ्ठा सगळ्यात सोपा. २ राजे ८:२६ मध्ये अहज्या राज्यावर बसला तेव्हा २२ वर्षांचा होता, आणि २ इतिहास २२:२ च्या हिब्रू मजकुरात ४२ वर्षांचा. आता त्याच्या आधीचाच अध्याय वाचा, त्याचा बाप यहोराम ३२ व्या वर्षी राजा झाला आणि ८ वर्षं राज्य करून मेला, म्हणजे ४० चा, आणि लगेच गादीवर बसलेला मुलगा ४२ चा. मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा होतो, त्यामुळे ४२ टिकत नाही, आणि काही ग्रीक आणि सिरियाक (जुन्या सीरियन भाषेतल्या) प्रतींत तिथे २२ आहेच. यहोयाखीनाचंही असंच, २ राजे २४:८ मध्ये १८ वर्षं, २ इतिहास ३६:९ च्या हिब्रूत ८. यासाठी तुमच्या बायबलच्या फुटनोट वाचायची सवय लावा, छापणाऱ्यांनी बऱ्याच ठिकाणी प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं पण आपण त्या बारीक अक्षरांकडे बघतच नाही. आणि दोन वेगवेगळी भाषांतरं जवळ ठेवा, एकात अडचण दिसते आणि दुसऱ्यात दिसत नाही असं झालं तर दुसऱ्या भाषांतरकारांनी ती बुजवली आहे का ते शोधा. २ शमुवेल २१:१९ हे त्याचं नमुनेदार ठिकाण. हिब्रूत गल्याथाला एलहानान मारतो असं आहे, दावीद नाही. १ इतिहास २०:५ मध्ये एलहानान गल्याथाच्या भावाला मारतो. जुन्या इंग्रजी किंग जेम्स बायबलने मग शमुवेलातसुद्धा "भाऊ" घातला, तिरप्या अक्षरात का होईना.

हस्तलिखितांचा विषय इथेच उरकून घ्या. नव्या कराराच्या ५ हजारांहून जास्त ग्रीक प्रती आहेत, छोटे तुकडे धरून, आणि कोणत्याही पुस्तकाची लेखकाच्या हातची मूळ प्रत आज नाही. चौथ्या शतकातल्या सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या दोन मोठ्या प्रतींत मार्कचं शुभवर्तमान १६:८ ला संपतं, पुढची बारा वचनं नाहीत. व्यभिचारात पकडलेल्या बाईची गोष्ट, योहान ७:५३ ते ८:११, तीही त्या दोन्हींत नाही. १ योहान ५:७ मधलं पिता, वचन आणि आत्मा हे स्वर्गात साक्ष देणारे तिघं असं वाक्य इरॅस्मस या विद्वानाने १५१६ च्या आपल्या ग्रीक आवृत्तीत घेतलंच नव्हतं, ओरड झाल्यावर १५२२ मध्ये घातलं. हे वाचून घाबरायचं कारण नाही, पण "मूळ प्रत बिनचूक होती" या दाव्याचा अर्थ इथे कळतो. तो दावा आपल्याला हातात धरून तपासता येत नाही. लगेच पळवाट म्हणून हसण्यावारी नेऊ नका, नकलेत चुका होतात हे वर दिसलंच आहे. फक्त प्रत्येक अडचण नकलेवर ढकलता येते का तेवढं बघा, आणि येत नाही. पुढे मत्तयाचं उदाहरण देतो.

दुसरा गठ्ठा म्हणजे ज्याला चूक म्हणणंच अन्याय आहे असा. शलमोनाच्या मंदिरातलं पितळी गंगाळ, १ राजे ७:२३, व्यास १० हात आणि घेर ३० हात, म्हणजे पाय (π, खरं तर ३.१४) बरोबर ३ येतो, यावरून थट्टा करणारे खूप. अरे, माणूस हातांनी मोजलेलं ढोबळ माप सांगतोय. मोहरीचा दाणा सगळ्यात लहान असं येशू म्हणतो तेही बोलण्याच्या ओघातलं. येशूकडे मदत मागायला आलेल्या याईराची मुलगी मार्कमध्ये मरणाच्या दारात असते आणि वाटेत निरोप येतो की ती गेली, मत्तयात बाप आल्या आल्याच ती मेली म्हणतो. मत्तय गोष्टी आखडून सांगतो, ही त्याची पद्धतच आहे, शताधिपतीच्या (रोमन सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या) गोष्टीतही त्याने लूकमधले मध्यस्थ गाळलेत. अशा मुद्द्यांवर वेळ घालवू नका, लिस्टमधून सरळ काट मारा. लिस्ट किती लांब आहे यावर जाऊच नका.

काट मारून झाल्यावर जे उरतं ते खरं काम, आणि तिथे घाई करायची नाही.

येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत, त्याचं मरण घ्या. मत्तय २७ मध्ये तो चांदीची नाणी मंदिरात टाकून जातो आणि गळफास घेतो, याजक त्या पैशाने कुंभाराचं शेत विकत घेतात. प्रेषितांची कृत्ये १:१८ मध्ये शेत यहूदाच विकत घेतो आणि तिथे पालथा पडून पोट फुटून मरतो. नेहमीचं उत्तर तुम्ही ऐकलं असेल, आधी फास घेतला मग दोर तुटून पडला. बरं, मरण जुळलं. शेत कोणी घेतलं? तर म्हणतात पैसा यहूदाचा म्हणून खरेदी त्याचीच. बरं. रक्ताचं शेत हे नाव का पडलं? मत्तयात रक्ताच्या पैशाने घेतलं म्हणून, कृत्यांत तो तिथे तसा मेला ते सगळ्यांना कळलं म्हणून. एका प्रसंगासाठी तीन तीन जोड द्यावे लागतात तेव्हा थांबून स्वतःला विचारा की दुसऱ्या कुठल्याही जुन्या पुस्तकाबद्दल, ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही, मी एवढं मान्य केलं असतं का. आणि उलट बाजूनेही विचारा, दुसऱ्या कुठल्या पुस्तकात हा फरक दिसला असता तर मी त्यावरून "यहूदा नावाचा माणूसच नव्हता" असं म्हटलं असतं का. दोन्ही प्रश्न विचारायचे, सोयीचा एकच नाही.

आता मत्तय २७:९. तिथे म्हटलंय यिर्मया संदेष्ट्याने सांगितलं ते पूर्ण झालं, आणि मग तीस नाण्यांचं वचन येतं जे जखऱ्या ११:१२-१३ शी जुळतं. बहुतेक सगळ्या प्रतींत यिर्मयाच आहे, त्यामुळे लेखनिकाला दोष देता येत नाही. उत्तर असं की यिर्मयातही कुंभार आहे आणि शेत विकत घेणंही आहे, मत्तयाने दोन्ही एकत्र केले आणि मोठ्या संदेष्ट्याचं नाव दिलं. हे उत्तर मला दोर तुटण्यापेक्षा बरंच भक्कम वाटतं, कारण मार्क १:२ मध्ये नेमकं हेच घडलंय, मलाखी आणि यशया एकत्र करून नाव फक्त यशयाचं. उत्तराला मजकुरातच दुसरं उदाहरण सापडतंय का, ही चांगली कसोटी आहे. नुसतं "असंही असू शकेल" म्हणणाऱ्या उत्तराला कमी मार्क द्या.

येशूच्या जन्माच्या वेळेला बाहेरचा इतिहास लागतो. मत्तय म्हणतो हेरोद राजाच्या दिवसांत, लूक म्हणतो क्विरीनिय सूरियाचा सुभेदार असताना नावनिशी झाली तेव्हा. बहुतेक इतिहासकार हेरोदाचं मरण इसवी सनपूर्व ४ मध्ये धरतात आणि योसेफस या यहूदी इतिहासकाराच्या हिशोबाने क्विरीनियाची नावनिशी इसवी सन ६ ची. मध्ये दहाएक वर्षं जातात. क्विरीनिय आधीही एकदा सुभेदार होता किंवा ती नावनिशी त्याच्या आधीची होती अशी उत्तरं आहेत, वाचा, पण पुरावा किती आणि अंदाज किती ते वेगळं लिहून ठेवा. आणि हाच लूक जिथे बरोबर ठरतो तेही त्याच कागदावर आलं पाहिजे. कृत्ये १८ मध्ये पौलाला करिंथात गल्लियो या रोमन सुभेदारापुढे उभं करतात, आणि डेल्फीला सापडलेल्या शिलालेखात गल्लियोचं नाव आहे, त्यावरून त्याचा काळ साधारण इसवी सन ५१-५२ चा निघतो. फक्त चुका मोजणारी तपासणी अर्धीच.

चार शुभवर्तमानं एकत्र शिवून एकच सलग गोष्ट करायची इच्छा फार जुनी आहे, दुसऱ्या शतकात तातियन या ख्रिस्ती लेखकाने दियातेस्सारोन नावाने ते केलं होतं. पण शेवटी चर्चने चार वेगळीच ठेवली, आणि मला वाटतं त्यांना फरक दिसत नव्हते असं अजिबात नाही. मार्कमध्ये शेवटचं जेवण वल्हांडणाचं (मिसरातून सुटकेच्या यहूदी सणाचं) आहे, योहानात वल्हांडण अजून व्हायचाय आणि त्याच्या तयारीच्या दिवशी येशू वधस्तंभावर जातो. योहानासाठी येशू देवाचा कोकरा आहे, आणि वल्हांडणाचे कोकरे त्या तयारीच्या दिवशीच कापले जायचे, त्यामुळे योहानाने दिलेला दिवस काहीतरी सांगतोय. दोन्ही दिवस एकमेकांत कोंबले तर योहानाला जे म्हणायचंय तेच हरवतं. मग प्रश्न उरतो की असा बदल दैवी प्रेरणेत बसतो का. तो प्रश्न मी तुमच्यासाठी सोडवू शकत नाही, पण खरा प्रश्न हा आहे.

आता माणसांचं. पाळकांना किंवा घरातल्या मोठ्यांना विचारणार असाल तर "बायबल चुकीचं आहे" अशी सुरुवात करू नका, "हे दोन उतारे मी वाचले, मला जुळत नाहीत, तुम्ही कसं वाचता" असं विचारा आणि तो कागद सोबत न्या. रागावले तर पौलाचं १ करिंथ १:१४-१६ दाखवा. तो म्हणतो क्रिस्प आणि गायस सोडून मी कोणाचा बाप्तिस्मा केला नाही, मग त्याला आठवतं, हो, स्तेफनासाच्या घरच्यांचाही केला, आणि मग म्हणतो, याशिवाय कोणाचा केला असेल तर आठवत नाही. हे बायबलमध्येच आहे, कोणी खोडून नीट केलं नाही. बिरुयातल्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्र काढून तपासलं आणि कृत्ये १७:११ मध्ये त्यांचं कौतुक आहे. लूक तर सुरुवातीलाच सांगतो की मी सगळ्याचा मुळापासून शोध घेऊन लिहितोय. प्रश्न विचारणाऱ्या तरुण पोराला "तुझा विश्वास कमी पडतोय" म्हणून गप्प बसवणं मला फार चुकीचं वाटतं, पोरगं गप्प बसतं पण प्रश्न जात नाही आणि मग ते बायबल आणि चर्च दोन्ही एकदमच सोडतं.

आणि विश्वासाचं काय, हे ज्याला त्याला आतून विचारावं लागतं. "एक चूक सापडली तर सगळंच खोटं" हा नियम कोणी घालून दिलाय ते तपासा, कारण तो नियम मानला तर अहज्याच्या वयावर तुमचं सगळं आयुष्य टांगलेलं राहतं. जुन्या चर्चचा मोठा शिक्षक ऑगस्टीन याने बायबलचा भाषांतरकार जेरोमला लिहिलं होतं की शास्त्रात काही सत्याविरुद्ध वाटलं तर मी समजतो की प्रत चुकली, किंवा भाषांतरकार चुकला, किंवा मलाच समजलं नाही. चौथी शक्यता, म्हणजे मूळ लेखकच चुकला असेल ही, तो धरत नव्हता. वरच्या मत्तय २७:९ बद्दल प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन मात्र सरळ लिहून गेला की यिर्मयाचं नाव तिथे कसं घुसलं मला माहीत नाही आणि मी त्याचा फार शोधही घेत नाही. दोघंही शास्त्राला जीव लावणारे होते. तुम्ही चौथी शक्यता धरता की नाही, हे पहिल्या दिवशी ठरवायची गरज नाही.

शिरगणतीनंतर दुसरा धडा म्हणून पुनरुत्थानाची सकाळ घ्या, मत्तय २८, मार्क १६ ची पहिली आठ वचनं, लूक २४, योहान २०, कागदावर चार कॉलम. कोण कोण बायका गेल्या, उजेड होता की अंधार, धोंड कधी सरकली, आत किंवा बाहेर कोण दिसलं आणि किती जण, आणि नंतर त्या बायकांनी काय केलं, एवढंच भरा. शेवटच्या रकान्यात मार्कमध्ये त्या भीतीने कोणाला काहीच सांगत नाहीत आणि मत्तयात धावत शिष्यांना सांगायला जातात. मार्कचा कॉलम भरून झाल्यावर लगेच मत्तयाकडे उडी मारू नका, मार्कने तिथेच का थांबवलं असेल यावर आधी स्वतःचं काहीतरी लिहा, मग पुढे जा.